भूल देणाऱ्यांना खरे सांगा



बायपासचे नाव निघाले की घरात पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि दुसरा ऑपरेशन कोण करणार याचा. भूल कोण देणार, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. हा लेख आमच्या घरातल्या एका चुकीवरून लिहीत आहोत. ती चूक डॉक्टरांची नव्हती, आमची होती.

आमचे मोठे चाचा चाकूरला शिलाईचे दुकान चालवतात. वय चौसष्ट. एका पहाटे फजरच्या वुजूला बसले आणि छाती दाबल्यासारखी झाली. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, १०८ बोलावली, लातूर गाठले. अँजिओग्राफीत तीन नसा बंद निघाल्या. बायपासशिवाय इलाज नाही असे कळले. मग कागद गोळा करणे, मोठ्या शहरातले हॉस्पिटल ठरवणे, रक्त देणारे नातेवाईक शोधणे, या धावपळीत आठ दिवस गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टरबाई खाटेजवळ आल्या. आम्हाला वाटले, छोट्या डॉक्टर असतील, फॉर्म भरायला आल्या असतील. त्या भूलतज्ज्ञ होत्या. त्यांनी चाचांना तोंड उघडायला लावले, मान वर-खाली करायला लावली, दात हलवून पाहिले. जिना चढताना दम लागतो का, रात्री घोरता का, आधी कधी भूल घेतली आहे का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, असे एकेक विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "काही सवय? तंबाखू, दारू, झोपेची गोळी?"

खोलीत मुलगा, जावई, व्याही आणि आम्ही उभे होतो. चाचांनी मान खाली घातली. उत्तर आम्ही दिले. "नाही मॅडम, आमच्या घरात कसलीही सवय नाही. पाच वक्ताचे नमाजी आहेत."

खरे असे होते की चाचा तीस वर्षे जर्दा खात होते. शिवाय धाकट्या मुलीचा तलाक झाल्यापासून त्यांची झोप उडाली होती आणि जवळजवळ चार वर्षे ते रोज रात्री एक छोटी गोळी घेऊनच झोपत. ती गोळी कित्येकदा आम्हीच मेडिकलवरून आणून दिली होती. व्याह्यांसमोर हे कसे सांगायचे, एवढाच विचार त्या क्षणी मनात आला.

ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी काढली, चाचा दोन शब्द बोलले, चाचींनी शुक्राने की नमाज अदा केली. आणि त्याच रात्री सगळे फिरले. चाचांचे हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला. कोपऱ्यात कुणीतरी उभे आहे असे म्हणू लागले. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या दादीला हाका मारू लागले. मुलाला ओळखेनात. छातीतली नळी ओढायला गेले, तेव्हा नर्सने मऊ पट्ट्यांनी हात बांधले. बाहेर बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "असर झालाय, मौलानांना फोन लावा." फोन लागलाही. मौलानासाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दुआ आम्ही करतो. तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांच्यापासून काही लपवू नका."

तेवढ्यात त्याच डॉक्टरबाई बाहेर आल्या. "अगदी खरे सांगा. ते रोज काही घेत होते का?" आम्ही गप्प. चाची मात्र उठल्या आणि म्हणाल्या, "घेत होते. झोपेची गोळी. रोज." डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळीचे नाव विचारले आणि लगबगीने आत गेल्या. चाचा पूर्ण भानावर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत बीपी वर-खाली होत होते, ठोके अनियमित होत होते आणि तारेने जोडलेले छातीचे हाड हिसक्याने सुटेल की काय ही भीती होती. अल्हम्दुलिल्लाह, चाचा आज दुकानात बसतात. पण आमच्या एका खोट्या वाक्याने त्यांचा जीव धोक्यात टाकला होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे

सुई टोचली, माणूस झोपला, भूलतज्ज्ञाचे काम संपले, असा आपला समज असतो. खरे काम तिथून सुरू होते. हृदयाच्या ऑपरेशनात तर झोपवण्याआधीच सुरू होते. मनगटाची जागा बधिर करून तिथल्या धमनीत बारीक नळी घालतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे बीपी पडद्यावर दिसते. साध्या माणसाला भुलीचे औषध दिल्यावर बीपी थोडे उतरले तर चालते. ज्याच्या हृदयाच्या नसा आधीच बंद आहेत त्याचे बीपी एकदम उतरले तर हृदयालाच रक्त कमी पडते. एकदम चढले तरी हृदयावर ताण येतो. म्हणून औषधे हळूहळू, मोजून देतात. वेदना कळू नये म्हणून एक, झोप लागावी म्हणून दुसरे, स्नायू सैल पडावेत म्हणून तिसरे. स्नायू सैल पडले की माणूस स्वतः श्वास घेत नाही. मग तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर जोडतात. मानेतल्या मोठ्या नसेत दुसरी नळी असते. पुष्कळदा अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी सोडून हृदय आतून पाहतात.

काही ऑपरेशने धडधडत्या हृदयावरच होतात. काहींत हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवावे लागते. हे यंत्र माणसावर पहिल्यांदा यशस्वी झाले ते ६ मे १९५३ रोजी, अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे, डॉ. जॉन गिबन यांच्या हातून. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि शेवटी त्याचा असर उतरवण्यासाठी प्रोटामिन देतात. या सगळ्या वेळात रुग्णाचे बीपी, प्राणवायू, तापमान, लघवी, साखर, रक्तातले क्षार यांवर भूलतज्ज्ञाची नजर असते. सर्जन हृदयावर काम करतो, तेव्हा उरलेला माणूस भूलतज्ज्ञाच्या हवाली असतो.

ऑपरेशन संपले तरी लगेच जागे करत नाहीत. अंग गरम होईपर्यंत, रक्तस्राव थांबला याची खात्री होईपर्यंत गुंगीचे औषध चालू ठेवतात. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ते हळूहळू कमी करतात. डोळे उघडतात तेव्हा घशात नळी असते, त्यामुळे आवाज निघत नाही. पुष्कळांना वाटते, वाचा गेली. वाचा जात नाही, नळी स्वरयंत्रामधून गेलेली असते एवढेच. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे. "जागे व्हाल तेव्हा बोलता येणार नाही, घाबरू नका, मान हलवून उत्तर द्या," एवढे सांगितले तरी निम्मी भीती जाते.

हा वाद आपल्याच राज्यात झाला होता

भूल दिलेल्या माणसाचा मृत्यू श्वास थांबून होतो की हृदय थांबून, हा वाद एके काळी जगभर गाजला. त्याचा मोठा प्रयोग आपल्या हैदराबादेत झाला, हे फार थोड्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत चाकूर, लातूर, नांदेड हा सगळा मुलूख निजामाच्याच राज्यात होता.

बोस्टन शहरात १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून वेदनेविना शस्त्रक्रिया होते हे सर्वांसमोर दाखवले. पुढच्या वर्षी एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरला. तो जगभर पसरला, पण अधूनमधून रुग्ण टेबलावरच दगावत. कारण कळत नव्हते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे होते की आधी श्वास थांबतो, म्हणून नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी चौकशीला पैसा दिला. १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने १,००० पौंड देऊन त्यांचाच तज्ज्ञ, डॉ. लॉडर ब्रंटन, याला हैदराबादला बोलावले आणि १८८९ मध्ये दुसरे कमिशन झाले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने आला.

या कामात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई होत्या. जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पुढे त्या शिकायला एडिंबरोलाही गेल्या. खाटेजवळ आलेल्या डॉक्टरबाईंना आम्ही 'छोट्या डॉक्टर' समजलो, तेव्हा हे आम्हाला ठाऊक असते तर बरे झाले असते.

वाद तिथे मिटला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की कच्ची भूल असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदय एकाएकी थरथरून थांबू शकते. म्हणजे श्वास आणि हृदय दोन्ही सांभाळावे लागतात. आज ऑपरेशन थिएटरमध्ये ज्या यंत्रांचा टिक-टिक आवाज येतो, ती या दोन्ही गोष्टींवर पहारा देतात. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यांपैकीच एक. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्याचे तत्त्व शोधून काढले.

काय सांगायचे, काय लपवायचे नाही

सर्वात आधी सवयी. जर्दा, गुटखा, मिश्री, विडी, दारू, झोपेची गोळी, खोकल्याच्या औषधाची सवय, काहीही. चारचौघांत सांगायची शरम वाटत असेल तर डॉक्टरांना म्हणावे, "दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे." ते नातेवाइकांना बाहेर पाठवतात. रोजची झोपेची गोळी एकदम बंद झाली तर दोन-तीन दिवसांत शरीर बंड करते, चाचांचे तसेच झाले. आधी कळले असते तर डॉक्टरांनी त्याचा बंदोबस्त केला असता. विडी-सिगारेट महिनाभर आधी सुटली तर उत्तम, पण एक दिवस आधी सुटली तरी रक्तातला विषारी वायू कमी होतो. गुटख्याने पुष्कळांचे तोंड आखडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर हे जरूर सांगावे, कारण श्वासाची नळी त्याच तोंडातून जायची असते. हलणारा दात, कवळी, हेही सांगावे.

दुसरी गोष्ट औषधे. सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात, काही चालू ठेवतात. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या नावात 'ग्लिफ्लोझिन' येते त्या तीन-चार दिवस आधी बंद करतात, नाहीतर रक्तात आम्ल साचू शकते. कोणती थांबवायची आणि कोणती नाही, हे आपल्या मनाने ठरवू नये. हकीमसाहेबांचे माजून, कुश्ता, काढा, कलौंजीचे तेल, हेही औषधच आहे. तेही सांगावे.

तिसरी गोष्ट पोट. साधारण नियम असा: जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, साध्या पाण्यानंतर दोन तास. हॉस्पिटल सांगेल तो वेळ पाळावा. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. रमजानमध्ये इथे हमखास गफलत होते. एखादा म्हणतो, "मी तर रोज्याने आहे, पोट रिकामेच आहे." पण साडेचारला पोटभर सहरी करून आठला ऑपरेशन असेल तर पोट भरलेलेच असते. शिवाय सकाळच्या काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, ती अशाच दिवसासाठी.

मेंदीबद्दल भगिनी विचारतात. गडद मेंदी आणि नेलपॉलिशमुळे बोटाच्या यंत्राचे माप चुकू शकते. निदान दोन-तीन नखे स्वच्छ ठेवावीत. दागिने आणि धातूच्या डबीतले तावीज काढून घरच्यांकडे द्यावेत. रक्त थांबवायला विजेचे उपकरण वापरतात, धातूला ती वीज लागली तर चटका बसतो. दाट दाढीमुळे तोंडावरचा मास्क नीट बसत नाही, तेव्हा डॉक्टर काय म्हणतात ते शांतपणे ऐकावे. पडद्याची काळजी असेल तर आदल्या दिवशी सांगावे. अंग झाकलेले ठेवणे, शक्य तिथे महिला नर्स देणे, हे वेळेवर सांगितले तर पुष्कळ ठिकाणी होते.

भ्रम झाला तर

हृदयाच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसाला काही दिवस भ्रम होणे ही नवलाची गोष्ट नाही. कुठलीही सवय नसलेल्यालाही तो होतो. औषधांचा असर, रात्रंदिवस जळणारे दिवे, मोडलेली झोप, वेदना, ताप, रक्तातले बदल, अशी अनेक कारणे असतात. कुणी भिंतीवर मुंग्या पाहतो, कुणाला नर्स दुश्मन वाटते. तो वेडा झालेला नसतो आणि त्याच्यावर कसला असरही झालेला नसतो. मेंदू थकलेला असतो. बहुतेकांचा तो उतरतो, पण त्याकडे दुर्लक्ष करायचे नसते. लगेच नर्सला सांगावे.

घरच्यांनी करण्यासारखे बरेच आहे. चष्मा आणि ऐकू येण्याचे यंत्र आयसीयूत पोचवावे. भेटीच्या वेळी रोज एकाच ओळखीच्या माणसाने जावे, हात धरावा, आपल्या घरच्या बोलीत सांगावे: "आज जुमा आहे, दुपार झाली आहे, तुमचे ऑपरेशन झाले, आम्ही बाहेर आहोत." वाद घालू नये, रडू नये. चाचांना चौथ्या दिवशी चाचींनी हळू आवाजात दुकानातल्या शिलाई मशीनचे तेल संपल्याचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे." त्या वाक्यावर आम्ही सगळे हसलो आणि मग रडलो.

हलाल-हरामचे प्रश्न

भुलीच्या औषधांत अफूच्या जातीची औषधे असतात, मग ते चालते का, असे विचारणारे आहेत. नशा करणे वेगळे आणि छाती उघडताना वेदना मारणे वेगळे. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या 'कानून'मध्ये वेदना मारणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या औषधांत अफूचा उल्लेख केला आहे. हेपारिन साधारणपणे डुकराच्या आतड्यांपासून बनते, आणि काही झडपाही डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीच्या असतात. जिथे जीव वाचवायला दुसरा इलाज नाही तिथे उलेमांनी जरुरतीचा नियम लावून सवलत दिलेली आहे. तरी मनात खटका असेल तर आपल्या भरवशाच्या आलिमांना आणि डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून घ्यावे. थिएटरच्या दारात हा प्रश्न काढू नये.

नमाजबद्दल एक सांगणे. छातीचे हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर हातांवर भार देऊन सजद्यातून उठू नये. खुर्चीवर, इशाऱ्याने नमाज पढण्याची सोय दीनने दिलेलीच आहे. जखम भिजवायची नसेल तर तयम्मुम आहे.

पैशांची चिंता

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आणि झडपेची ऑपरेशने बसतात. भूल, आयसीयू, औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटावे. लहान मुलांच्या हृदयाला छिद्र असेल तर शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. जमीन विकण्याआधी एवढे नक्की करावे.

यंदा चाचांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन लातूरला झाले. खोलीत पुन्हा तेच सगळे नातेवाईक, व्याहीसुद्धा. डॉक्टरांनी नाव विचारले. चाचांनी नाव सांगितले आणि लगेच पुढे म्हणाले, "बायपास झालेली आहे. जर्दा खात होतो, आता सोडला. झोपेची गोळी घेत होतो, डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. आणखी काय विचारायचे ते विचारा." व्याही आमच्याकडे पाहून म्हणाले, "गोळी तर मीही घेतो." मग डॉक्टरांनी त्यांनाही बसायला खुर्ची दिली.